जुन्या गाडीची पॉवर विंडो बंद पडली? मोटर विकत घेण्याआधी हे तपासा

काच अर्ध्यावर अडकली की गॅरेजमध्ये बटण दोनदा दाबून बघतात आणि निकाल लागतो, "मोटर गेली." पुष्कळदा ती गेलेली नसते. नवी मोटर टाकूनही काच थोड्याच दिवसांत पुन्हा रेंगाळायला लागते, ती त्यामुळेच. झेन, सँट्रो, इंडिका, पहिली स्विफ्ट अशा गाड्यांत मला सर्वांत जास्त वेळा सापडलेला दोष ड्रायव्हरच्या दारावरच्या बटणांचा आहे. त्याखालोखाल बिजागरीपाशी तुटलेली वायर आणि काच आवळून धरणारं सुकलेलं रबर. रेग्युलेटर, म्हणजे काच उचलणारी मशीन, त्यानंतर. मोटरचा नंबर शेवटी.

म्हणून हा लेख मोटर बदलण्याचा असला तरी पहिला अर्धा भाग मोटर न बदलण्याचा आहे.

आत काय चालतं

मोटर १२ व्होल्टची, डीसी, कायम चुंबकाची आणि दोनच वायरची. एका वायरला प्लस आणि दुसरीला अर्थ (बॅटरीची मायनस बाजू) दिला की एका दिशेला फिरते, उलट दिला की दुसऱ्या दिशेला. मोटरच्या दांड्यावर स्क्रूसारखे आटे असतात आणि ते नायलॉनचं दातेरी चाक फिरवतात. या रचनेत चाक दांड्याला उलटं फिरवू शकत नाही. काच आपल्या वजनानं खाली येत नाही आणि हातानं दाबून उतरवता येत नाही, ती या कारणानं. हातानं दाबल्यावर काच सहज खाली सरकत असेल तर विजेचा विचार सोडा, मशीनमध्ये किंवा त्या दातेरी चाकात काहीतरी तुटलं आहे.

दुसरी गोष्ट बटणांची. बहुतेक साध्या गाड्यांत बटण सोडलेलं असताना मोटरच्या दोन्ही वायर बटणातून अर्थला जोडलेल्या असतात. बटण दाबलं की त्यातल्या एकीला प्लस मिळतो, दुसरी अर्थवरच राहते. बाकीच्या दारांच्या वायरी ड्रायव्हरच्या दारावरच्या मास्टर स्विचमधून (सगळ्या काचांची बटणं असलेल्या पट्टीतून) फिरून येतात. त्यामुळे मागच्या डाव्या दाराची काच तिच्या स्वतःच्या बटणानंही हलत नसली, तरी दोष ड्रायव्हरच्या दारात असू शकतो. मागचं दार उघडून बसलेल्या कित्येकांना हे कुणी सांगितलेलं नसतं.

पॅड न काढता

इग्निशन चालू करा, तळहात दाराच्या पॅडवर (आतल्या बाजूच्या आच्छादनावर) सपाट ठेवा आणि बटण दाबा.

काहीच आवाज नाही, धक्काही नाही: मोटरपर्यंत करंट पोचत नाही किंवा मोटरचे कार्बन (आतल्या फिरणाऱ्या भागाला करंट पोचवणारे छोटे ठोकळे) संपलेत. हलका "ठक्" लागतो आणि केबिनचा दिवा किंचित मंद होतो: करंट पोचतोय, मोटर जोर लावतेय, पण काहीतरी जाम आहे. दिवा मंद होणं ही खूण अंधारात बघितली तर चुकत नाही. मोटर घर्रकन फिरते आणि काच जागची हलत नाही: केबल तुटली किंवा नायलॉनचे दाते गेले. कटकट आवाज करत काच तिरकी चढते: केबलची प्लॅस्टिकची पुली फुटली आहे, थोड्याच दिवसांत काच दारात पडणार.

काच खाली जाते पण वर येत नाही, असं असेल तर दोन शक्यता. ती वर येण्याचा प्रयत्न करून थकत असेल तर रबर घट्ट आहे. वरच्या दिशेला काही हालचालच नसेल, दिवाही मंद होत नसेल, तर बटण किंवा वायर. मोटर एकाच दिशेनं खराब होत नाही, कारण तिच्या दृष्टीनं दोन्ही दिशा म्हणजे त्याच दोन वायरी उलटसुलट.

आता क्रमानं पुढे जा. मास्टर स्विचवर बाकीच्या काचा लॉक करणारं बटण असतं, ते दाबलेलं नाही ना बघा. हसू नका, मुलं गाडीत बसून गेली की ते दाबलेलंच सापडतं. मग फ्यूज. पॉवर विंडोचा फ्यूज बहुतेक गाड्यांत २० किंवा ३० अँपियरचा असतो. नुसता डोळ्यांनी बघून भागत नाही, काढून टेस्टरवर तपासा आणि पाय हिरवट झाले असतील तर खरवडून बसवा. सगळ्याच काचा एकदम मेल्या असतील तर फ्यूज, रिले (विजेवर चालणारा स्विच) किंवा मास्टर स्विचचा अर्थ, एवढ्यातच शोधायचं.

नंतर दाराची युक्ती. एकानं बटण दाबून धरायचं आणि दुसऱ्यानं दार हळूहळू उघडायचं, बंद करायचं. एखाद्या कोनात काच हलली की समजा, दार आणि खांब यांच्यामधल्या रबरी नळीतली वायर तुटली आहे. हजारो वेळा वाकून तिथे तांब्याचे धागे आतल्या आत तुटतात, वरचं प्लॅस्टिक शाबूत राहतं. ड्रायव्हरचं दार सर्वांत जास्त उघडतं, म्हणून हा दोष तिथेच जास्त. नळी दोन्ही टोकांनी सोडवून मागे सरकवा आणि एकेक वायर हलकेच ओढा. तुटलेली वायर रबरासारखी ताणली जाते. जोड देताना तेवढ्याच जाडीची लवचिक वायर थोडी लांब घ्या, झाळ द्या, श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा आणि जोड वाकण्याच्या जागी येणार नाही असा सरकवा. पीळ मारून काळी चिकटपट्टी गुंडाळलेला जोड एका पावसाळ्यात हिरवा पडतो.

मास्टर स्विच बहुतेक गाड्यांत पॅड न काढता वर उचलून निघतो. शेजारच्या चांगल्या काचेचं कपलर (वायरींचा प्लग) बदलून लावता येत असेल तर पाच मिनिटांत दोष बटणात की पुढे ते कळतं. बटण उघडायचं तर पांढऱ्या कापडावर उघडा. आतल्या छोट्या स्प्रिंगा आणि पिना उडून सीटखाली गेल्या की परत मिळत नाहीत. कॉन्टॅक्टची तांब्याची पट्टी काळी पडलेली दिसेल. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पट्टी कडक कागदानं घासा, फारच खड्डे पडले असतील तर बारीक पॉलिश पेपर एकदोनदा फिरवा. पट्टी जळून पातळ झाली असेल किंवा प्लॅस्टिक वितळलं असेल तर स्विच बदलणंच बरं.

पावसात काच उघडी अडकली तर

मोटरला थोडा जीव असेल तर काच दोन्ही तळहातांत, आतून आणि बाहेरून, दाबून धरा आणि वर ढकलत राहा. त्याच वेळी दुसऱ्यानं बटण दाबून धरावं. पॅडवर मोटरच्या जागी मुठीनं दोनचार ठोके दिले तर अडकलेले कार्बन कधीकधी जागे होतात. काच चढली की ते बटण विसरून जा आणि काम होईपर्यंत काचेच्या वरच्या कडेला आडवी चिकटपट्टी मारून ठेवा. बटण सतत दाबत बसू नका: मोटरच्या आत तापल्यावर करंट तोडणारा भाग असतो. त्यानं मोटर बंद केली की ती थंड होईपर्यंत काहीच हलत नाही, आणि चांगली मोटर मेलेली वाटते.

पॅड काढणं

हत्यारं फार लागत नाहीत: १० नंबरचा बॉक्स पाना, स्टार आणि साधा स्क्रू ड्रायव्हर, पॅड उचकटायची प्लॅस्टिकची पट्टी, रुंद चिकटपट्टी, जाड हातमोजे. दाराच्या आतल्या पत्र्याच्या कडा घासलेल्या नसतात. हातमोजे न घातलेल्या माणसाचं मनगट पहिल्या दहा मिनिटांत कापतं. पॅडच्या क्लिपा आठ-दहा आधीच आणून ठेवा, जुन्या प्लॅस्टिकच्या निम्म्या तरी तुटणार.

बॅटरीचं मायनस टर्मिनल काढा. म्युझिक सिस्टिम कोड मागणारी असेल तर तो आधी शोधून ठेवा. आता लपलेले स्क्रू. एक आतल्या हँडलच्या वाटीत, एकदोन दार ओढायच्या मुठीत झाकणाखाली, आरशाच्या मागच्या त्रिकोणी झाकणाशी एखादा, कधी खालच्या कडेला. पॅड हलत नसेल तर जोर लावू नका, एक स्क्रू राहिलेला आहे. सगळे निघाले की खालच्या कोपऱ्यापासून एकेक क्लिप उचकटत वर या. वरची कड खिडकीच्या पत्र्यावर अडकवलेली असते, म्हणून शेवटी पॅड बाहेर न ओढता वर उचलायचं. मागे वायरी आणि हँडलची दांडी आहे, पॅड त्यांवर लोंबू देऊ नका.

पॅडच्या मागे काळ्या चिकट गोंदानं लावलेला प्लॅस्टिकचा कागद दिसेल. हा कागद फाडून फेकायची आपल्याकडे गॅरेजमध्ये पद्धत आहे आणि ती अतिशय वाईट आहे. पावसाचं पाणी काचेवरून ओघळत दारात उतरतंच, ते तसंच अपेक्षित आहे. खाली दाराच्या तळाला भोकं असतात, त्यांतून ते बाहेर जातं. कागद नसला की तेच पाणी पॅडमधून झिरपून गालिच्यात येतं आणि जुलैत गाडीला कुबट वास सुटतो. गोंदाची पट्टी ब्लेडनं सावकाश कापत कागद एका बाजूनं सोडवा आणि वर दुमडून चिकटवून ठेवा. दार उघडं आहे तोवर तळाची भोकं एखाद्या काडीनं मोकळी करा.

दिवा लावून खात्री

इथे मीटरपेक्षा दिवा खरं बोलतो. तुटत आलेल्या वायरीत एकच धागा शिल्लक असला तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर करंट ओढतच नाही. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब घ्या आणि त्याला दोन वायरी लावा. मोटरचं कपलर काढा, बल्ब कपलरच्या दोन टोकांना जोडा. बॅटरी पुन्हा जोडून बटण वर दाबा, मग खाली.

दोन्ही वेळा बल्ब लख्ख पेटला तर वीज ठीक आहे, दोष मोटरमध्ये किंवा मशीनमध्ये. एकाच दिशेला पेटला तर बटण किंवा वायर. मिणमिणला तर कुठेतरी कॉन्टॅक्ट खराब आहे, नवी मोटरही तशीच मिणमिणेल. मोटरला बल्बपेक्षा बराच जास्त करंट लागतो, म्हणून शंका राहिली तर कपलर पुन्हा लावा, इंजिन चालू करा आणि काच चढत असताना कपलरच्या मागून मीटर लावा. १२ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. नऊ-दहा दिसले तर उरलेले व्होल्ट बटणात किंवा वायरीत खर्च होताहेत.

उलट बाजूनं खात्री करायची तर २० अँपियरचा फ्यूज मध्ये घातलेल्या दोन वायरींनी बॅटरीवरून थेट मोटरला वीज द्या. काच झपकन वर गेली तर मोटर निर्दोष सुटली. काच अडकली असेल तर तीही याच पद्धतीनं वर घेता येते. फ्यूज टाळू नका, वायरींची टोकं एकमेकांना लागली तर बॅटरी दया दाखवत नाही.

मशीन बाहेर काढणं

काच मशीनच्या पट्ट्यांना दोन बोल्टनी धरलेली असते. काच अशा उंचीवर आणा की ते बोल्ट पत्र्याच्या भोकांतून दिसतील. बोल्ट सोडवा, काच हातानं वर सरकवा आणि चिकटपट्टी आतून काचेवर, दाराच्या चौकटीवरून बाहेर आणि पुन्हा काचेवर अशी दोन ठिकाणी घट्ट मारा. एका पट्टीवर भरवसा ठेवू नका.

मशीनचे बोल्ट सोडवण्याआधी त्यांच्या भोवती मार्करनं खूण करा. भोकं लांबट असतात, काचेचा कोन तिथूनच ठरतो. मग बॅटरी पुन्हा सोडा, मोटरचं कपलर काढा, बोल्ट काढा आणि मशीन सर्वांत मोठ्या भोकातून फिरवत बाहेर घ्या. एका झटक्यात येत नाही. फोटो काढत चला, नवी बसवताना कोणतं टोक आधी आत जातं ते आठवत नाही.

मशीन दोन प्रकारच्या. केबलवाल्या मशीनमध्ये मोटर सुटताच केबल ती गुंडाळणाऱ्या ड्रमवरून उसळते. ड्रम हातानं दाबून धरा किंवा आधी तारेनं बांधा. कात्रीवाल्या मशीनमध्ये काचेचं वजन पेलायला घड्याळाच्या स्प्रिंगसारखी जाड स्प्रिंग असते. मोटर काढताक्षणी ती स्प्रिंग मशीनचा हात जोरात फिरवते, आणि बोटं मध्ये असतील तर मोडतात. मोटरच्या बोल्टला पाना लावण्याआधी दातेरी पट्टी आणि बैठकीचा पत्रा यांच्या आरपार एक बोल्ट घालून दोन्ही जखडून टाका, किंवा पत्रा शिकंज्यात पकडा. या एका पायरीला घाई नाही.

केबल उसवलेली असेल किंवा पुली फुटली असेल तर अख्खी मशीन बदला. केबल बदलून पाहणारे भेटतात, पण ताण नीट बसत नाही आणि काम दुप्पट होतं.

मोटर दुरुस्त करायची की बदलायची

कव्हर स्क्रूनं बसवलेलं असेल तर उघडून बघण्यात काही जात नाही. कडा दाबून बंद केलेली असेल तर सोडा.

गिअरचं झाकण काढल्यावर जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं दिसेल. कित्येक मंद मोटरींचा आजार एवढाच. सगळं पुसा, नायलॉनच्या चाकाचे दाते एकेक करून तपासा. काही चाकांच्या पोटात रबराचे किंवा प्लॅस्टिकचे तुकडे असतात, धक्का सोसायला. ते चुरले की मोटर फिरते, चाकही फिरतं, पण ड्रमपर्यंत जोर पोचत नाही. पांढरं लिथियम ग्रीस दात्यांना लागेल एवढंच लावा.

मग मोटरचा डबा. तो ओढताना चुंबक आर्मेचरला (आतल्या फिरणाऱ्या भागाला) सोबत खेचतं आणि कार्बन स्प्रिंगच्या जोरावर बाहेर उडतात, म्हणून दांड्याचं टोक बोटानं आत दाबून धरत डबा काढा. कम्युटेटर (कार्बन टेकतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल भाग) काळा असेल तर ८०० नंबरच्या पॉलिश पेपरनं गोल फिरवत साफ करा आणि खाचांतली कार्बनची भुकटी सुईनं काढा. एमरी पेपर नको, त्याचे कण खाचांत रुततात. कम्युटेटरच्या पट्ट्या झिजून खोल गेल्या असतील, किंवा आतून जळका वास येत असेल, तर मोटर संपली.

कार्बन झिजले असतील तर त्याच जातीचे शोधा. मिक्सरचे कार्बन कानसून बसवायचा सल्ला सर्रास मिळतो. ते २३० व्होल्टच्या मोटरसाठी असतात, त्यांचा विरोध जास्त. १२ व्होल्टच्या मोटरच्या कार्बनमध्ये तांबं मिसळलेलं असतं. मिक्सरचे कार्बन घातले तर मोटर फिरेल, पण काच गोगलगायीची होईल. डबा परत बसवताना दोन्ही कार्बन बारीक तारेनं मागे धरून आर्मेचर आत सरकवायचं आणि मग तारा ओढून घ्यायच्या. पाणी शिरून दांडा गंजला असेल तर सील नवं घाला, किंवा जोडावर सिलिकॉनची बारीक रेघ मारा.

बदलायचीच असेल तर जुनी मोटर हातात घेऊन दुकानात जा. डाव्या-उजव्या दाराच्या मोटरी आरशातल्या प्रतिबिंबासारख्या असतात, एकमेकींच्या जागी बसत नाहीत. कपलरचा आकार, दात्यांची संख्या आणि बोल्टची भोकं जुळवून बघा. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ, इथे जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात. बाजारातल्या स्वस्त नव्या मोटरपेक्षा भंगारातल्या गाडीची मूळ मोटर मी पसंत करेन, तीही मागच्या दाराच्या मशीनवरची मिळून बसत असेल तर उत्तमच, कारण मागच्या काचा कमी चालतात. मात्र दुकानातच बॅटरी लावून दोन्ही दिशांनी फिरवून घ्या.

रबर

हा भाग टाळला तर वरचं सगळं वाया. काच ज्या रबरी खाचेतून सरकते तिच्यात वर्षानुवर्षांची धूळ बसून ती सुकलेली असते. लाकडाच्या पट्टीला ओलं कापड गुंडाळून खाच वरपासून खालपर्यंत पुसा, काळं येणं थांबेपर्यंत. वाळल्यावर सिलिकॉन स्प्रे मारा. ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नका, डब्ल्यूडी-४० सुद्धा नको. तेलानं रबर फुगतं आणि धूळ चिकटून महिन्याभरात सँडपेपर तयार होतो. रबर फाटलं असेल तर नवं टाका, मोटरपेक्षा स्वस्त पडतं.

काचेची खालची कडही बघा. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये काळ्या फिल्मवर बंदी घातल्यावर अनेकांनी ती ब्लेडनं घाईत खरवडली. तिचा गोंद आणि सोललेली कड अजून काचेच्या तळाशी असते आणि दर वेळी रबरात अडकते.

जोडणी

मशीन आत घाला, बोल्ट नुसते हातानं लावा. काच पट्ट्यांत बसवून तिचे बोल्ट लावा, बॅटरी जोडा, काच पूर्ण वर घ्या. काच वरच्या चौकटीत नीट बसलेली असताना मशीनचे बोल्ट खुणेवर आवळा. त्यामुळे कोन आपोआप जुळतो. चार-पाच वेळा वर-खाली करा, मध्ये मोटरला दम खाऊ द्या. काच चढताना तिरकी होत असेल तर आत्ताच दुरुस्त करा. एकदाच बटण दाबून पूर्ण वर जाणारी काच असेल तर बॅटरी काढल्यावर तिला पुन्हा शिकवावं लागतं. पद्धत गाडीच्या पुस्तकात असते, बहुधा काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद दाबून ठेवायचं.

प्लॅस्टिकचा कागद त्याच गोंदावर दाबून बसवा. गोंद सुकला असेल तर काळी ब्यूटाइल टेप लावा. कागदाची खालची कड दाराच्या आत वळलेली हवी, बाहेर नको. मग पॅड लावायच्या आधीच खिडकीच्या बाहेरच्या बीडिंगवर बादलीभर पाणी सावकाश ओता. पाणी दाराच्या तळाच्या भोकांतून रस्त्यावर पडलं आणि कागदाची आतली बाजू कोरडी राहिली, तर पॅडच्या क्लिपा लावायला हरकत नाही.